न्यूट्रिनोंच्या मिश्रणातील सममिती

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. प्रवासात त्यांचा प्रकार बदलतो, हे जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने 1998 साली दाखवून दिले. यासाठी न्यूट्रिनोंना वस्तुमान हवे आणि निश्चित वस्तुमानाची प्रत्येक अवस्था या प्रकारांचे मिश्रण हवी. हे मिश्रण तीन कोनांनी सांगितले जाते: सुमारे 34, 45 ते 49 आणि 8.5 अंश. क्वार्कांच्या मिश्रणातला सर्वांत मोठा कोन मात्र 13 अंशांचाच आहे. कोनांची मूल्ये नेमकी अशीच का, हे स्टँडर्ड मॉडेल सांगत नाही. म्हणून सैद्धान्तिक भौतिकीत सममितीचा आधार घेतला जातो.

सर्वांत सोपी सममिती म्यूऑन आणि टाऊ यांच्या अदलाबदलीची. न्यूट्रिनोंची वस्तुमाने तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या सारणीत मांडतात. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर सारणीतल्या नऊपैकी सहाच संख्या स्वतंत्र असतात. अदलाबदलीनंतरही सारणी तशीच राहावी, अशी अट घातली की चारच उरतात. तेवढ्याने दुसरा कोन बरोबर 45 अंश आणि तिसरा शून्य ठरतो. उरलेल्या कोनासाठी अधिक समृद्ध सममिती लागते. चतुष्फलक स्वतःवरच तंतोतंत बसेल असा 12 प्रकारे फिरवता येतो; या परिभ्रमणांचा ‘ए-फोर’ हा गट अर्नेस्ट मा आणि चेन्नईचे जी. राजशेखरन यांनी 2001 साली न्यूट्रिनोंना लावला. पुढच्या ए-फोर प्रतिमानांतून 35.3 अंशांचा कोन निघाला.

अशी सममिती अतिउच्च ऊर्जेला पूर्ण असली, तरी प्रयोगशाळेतल्या ऊर्जेपर्यंत येताना कोन किती ढळतात? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अमोल दिघे यांनी सहकाऱ्यांसह 2007 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हाच प्रश्न तपासला. अशा गणितात वस्तुमाने एकमेकांच्या जितकी जवळ, तितका हा ढळ मोठा निघतो. सर्वाधिक परिणाम 34 अंशांच्या कोनावर होतो, कारण त्याच्याशी निगडित दोन अवस्थांच्या वस्तुमान-वर्गांतला फरक दुसऱ्या फरकाच्या सुमारे तिसाव्या भागाइतकाच आहे.

चीनमधील दाया बे प्रयोगाने 2012 साली तिसरा कोन शून्य नसल्याचे सिद्ध केले आणि साधी अदलाबदल अपुरी ठरली. तिच्या सुधारित रूपात प्रकारांबरोबर कण-प्रतिकणांचीही अदलाबदल होते. मग तिसरा कोन शून्य असण्याचे बंधन राहत नाही. 45 अंशांचा कोन मात्र टिकतो आणि कण-प्रतिकणांतला भेद दर्शवणारी कला 90 किंवा 270 अंश यावी लागते. अमेरिकेतील ड्यून आणि जपानमधील हायपर-कामिओकांडे हे प्रयोग ही दोन्ही भाकिते तपासणार आहेत.