व्रत आपले, भारही आपलाच

बार्शी, लातूर, सोलापूर किंवा कोल्हापूर येथील व्यापारी कुटुंबांना मुंबई अपरिचित नाही. मंगळदास मार्केटमध्ये कापड, मशीद बंदरला सुकामेवा, झवेरी बाजारात सोने, अशा निमित्तांनी घरातील कर्ता पुरुष वर्षातून चार वेळा तरी येथे येऊन जातो. रात्रीच्या गाडीने यावे, दिवसभर पेढ्या पालथ्या घालाव्यात आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतावे, एवढीच त्याची मुंबई असते. आजी, सून व नातवंडे बरोबर घेऊन चार दिवसांसाठी निघावयाचे झाले, की मात्र हिशेब बदलतो. तेथे केवळ स्थळे पाहावयाची नसतात. कोणाच्या तरी घरी जावयाचे असते, पंक्तीला बसावयाचे असते आणि आपले नियम सांभाळत दुसऱ्याचे मन राखावयाचे असते. तिकिटांचे नियोजन सर्वच करतात. या दुसऱ्या गोष्टीचे नियोजन फारसे कोणी करीत नाही, आणि सहलीचा गोडवा बहुधा तेथेच कमी होतो.

पहिला प्रश्न मुक्कामाचा. गावाकडील वाड्यात दहा पाहुणे आले तरी कोठे ना कोठे गाद्या पडतात. परळ-लालबागच्या चाळीतील खोलीचे तसे नाही. ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळींत अवघ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. अशा घरी ‘आम्ही पाच जण येतो आहोत’ असे कळविणे म्हणजे यजमानाला धर्मसंकटात टाकणे होय. तो नाही म्हणणार नाही, पण त्या रात्री त्याचा मुलगा गॅलरीत झोपेल. म्हणून मुक्काम स्वतंत्र ठेवावा आणि भेट मात्र आवर्जून घ्यावी.

मुक्कामासाठी गिरगाव व सी. पी. टँकचा परिसर सोयीचा आहे. देरासरे जवळ आहेत व जैन भोजन सहज मिळते. दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (निधन १९१४) यांच्या घराण्याच्या नावाशी जोडलेली हिराबाग ही वास्तू येथेच आहे. पायधुनीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर येथून लांब नाही. वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर मंदिरही टॅक्सीने थोड्या वेळात गाठता येते. धर्मशाळेत उतरावयाचे असल्यास जागा, ओळखपत्र आणि दरवाजा बंद होण्याची वेळ यांची चौकशी दूरध्वनीवरून आधीच करावी.

प्रवासाचे गणित आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव, सिद्धिविनायक व दादर ही स्थानके एकाच मार्गावर आली. वृद्धांना घेऊन जिन्यांची चढउतार टाळावयाची असेल, तर हा मार्ग उत्तम. लालबाग व परळसाठी मात्र मध्य रेल्वेची करी रोड, चिंचपोकळी, परळ ही स्थानके अथवा टॅक्सी हाच पर्याय. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. टॅक्सी मीटरप्रमाणे चालते, त्यामुळे बसण्यापूर्वी घासाघीस करण्याचा प्रश्न येत नाही.

लोकलचेही काही अलिखित नियम आहेत. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावयाची. तिघांच्या बाकावर चौथ्यासाठी थोडे सरकावयाचे. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यावयाची. सकाळी अकरापर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर कुटुंबासह लोकलच्या वाटेला जाऊ नये. पादचारी पुलावर मध्येच थांबून कोण मागे राहिले ते मोजू नये. मोजणी पूल उतरल्यावर करावी. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. पुलावरचा मुंबईकर मागून ‘चला, चला’ असे ओरडतो, तेव्हा त्याच्या आवाजात उद्धटपणापेक्षा काळजी अधिक असते.

आता भेटीगाठींकडे वळावे. गावाकडे न कळविता जाणे हा आपलेपणा मानला जातो. मुंबईत कळवून जाणे हा आपलेपणा आहे. येथे दिलेली वेळ ही लिहून दिलेल्या हुंडीसारखी असते, ती मुदतीला वटलीच पाहिजे. चाळीत पाणी ठरावीक तासांत येते आणि त्या वेळी गृहिणीला मान वर करण्यास सवड नसते. तेव्हा ‘पाण्याची वेळ कोणती?’ हे विचारूनच भेट ठरवावी. हा प्रश्न ऐकून यजमानीण मनातून सुखावते.

संबोधनाचाही फरक ध्यानात ठेवावा. देशावरच्या अनेक घरांत सून सासूला, नातू आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतो. लालबाग-परळमधील कोकणी घरांत नातू आजीला ‘ए आजी, तू बस ना’ असे सहज म्हणतो, आणि दादरच्या बाजारातील कोळीण किंवा भाजीवाली मोठ्या शेठजींनाही एकेरी हाक मारते. त्यात अनादर नाही, तो त्या बोलीचा स्वभाव आहे. उलट, घरात मारवाडी किंवा गुजराती बोलणाऱ्या कुटुंबाने यजमानासमोर आपसांत त्याच भाषेत बोलत राहणे हे त्याला दाराबाहेर उभे करण्यासारखे आहे. त्याच्या घरी असेपर्यंत सर्वांनी मराठीतच बोलावे.

सर्वांत नाजूक विषय भोजनाचा. घोटाळा एका शब्दापासून सुरू होतो, आणि तो शब्द म्हणजे ‘उपवास’. जैन घरात उपवास म्हणजे निराहार. सूर्यास्तापर्यंत घ्यावयाचे ते उकळलेले पाणी, काहींना तेही नाही. मराठी घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी. ‘आज आजींचा उपवास आहे’ एवढेच कळविले, तर यजमानीण पहाटे उठून नेमके कंदमूळच प्रेमाने शिजवून ठेवील, आणि ताट तसेच परत गेले की दोन्ही घरे खट्टू होतील. तसेच ‘आम्ही शाकाहारी आहोत’ हेही पुरेसे नाही. त्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण व बटाटा शाकाहारीच असतात.

म्हणून काय चालत नाही याची लांबलचक यादी पाठविण्यापेक्षा काय चालते ते सांगावे. वरण-भात, तूप, तुरीच्या डाळीची आमटी, भेंडी किंवा दुधीची भाजी, पोळी, कोशिंबिरीला काकडी. एवढे सांगितले की यजमानीण निश्चिंत होते. शिवाय मराठी घरांना हा स्वयंपाक परका नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करण्याची रीत अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘तुमच्या चातुर्मासातला स्वयंपाक करा, फक्त बटाटा नको’ या एका वाक्यात बहुतेक काम होते.

वेळेचे गणितही आधीच जुळवावे. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासात वाजून जातात. नोकरदार मुंबईकर मात्र सातपूर्वी क्वचितच घरी पोहोचतो आणि नऊ वाजता जेवतो. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण स्वीकारून साडेपाचला ताटे मागणे योग्य नव्हे. सुटीच्या दिवशी दुपारचे जेवण सुचवावे.

वारही विचारपूर्वक निवडावा. कोकणी घरांत बहुधा सोमवार, गुरुवार व शनिवार हे मासळीविना पाळले जातात. बुधवार, शुक्रवार व रविवार हे मासळीचे वार. श्रावणात पुष्कळ घरांत महिनाभर मासळी शिजत नाही. पाहुण्याने शनिवार दुपार सुचविली, तर यजमानाला त्याच्यासाठी काहीही सोडावे लागत नाही. रविवारीच जाणे भाग असेल, तर केवळ चहासाठी जावे.

शेजारच्या खोलीतून तळल्या मासळीचा वास आला, तर? तर काहीच नाही. नाकाला पदर लावू नये, मुलांना ‘शी’ म्हणू देऊ नये. या वस्तीत तो उद्गार का झोंबतो, हे समजून घेतले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कामगारांची मुले कल्याण, विरारकडे सरकली. पुढे शहरातील काही इमारतींत मांसाहारी म्हणून मराठी माणसाला घर नाकारल्याच्या तक्रारी वारंवार होऊ लागल्या. अशा माणसाच्या दारात पाहुण्याने वासाबद्दल काढलेला एक शब्द त्याला जुन्या जखमेवरच्या मिठासारखा लागतो. अहिंसा ताटापुरती नसते, ती जिभेची व नजरेचीही असते.

हेच दादरबाबत. दादर पश्चिमेचा फुलबाजार पहाटे अवश्य पाहावा. पण जवळच्या कबुतरखान्यावर दाणे टाकण्याची इच्छा आवरावी. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये शासनाच्या निर्देशानंतर महापालिकेने कबुतरखाने बंद करण्याची कारवाई केली. मनाई मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्याचे निर्देश उच्च न्यायालयाने दिले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला आंदोलकांनी ती ताडपत्री हटविली. एका बाजूस पिढ्यान्‌पिढ्यांची जीवदया, दुसऱ्या बाजूस पिसे व विष्ठेमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजारांची भीती. दोन दिवसांच्या पाहुण्याने या वादात भर घालू नये. जीवदयेसाठी भुलेश्वरचा पांजरापोळ आहे. रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत १८३२ मध्ये दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये शेठ मोतीशा व सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन तो स्थापिला. एक जैन व एक पारशी अशा दोघांनी मिळून उभे केलेले हे काम नातवंडांना आवर्जून दाखवावे.

लालबागला जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. मसाल्याच्या गल्लीत अख्खी मिरची व जिन्नस निवडून समोर भाजून, कांडून मिळतात. व्यापाऱ्याच्या मुलांना मालाची पारख शिकण्यास ती उत्तम शाळा आहे. एप्रिल-मे हा वर्षाच्या मसाल्याचा हंगाम, त्यामुळे त्या दिवसांत गर्दी असते. दुसरी सूचना गणेशोत्सवाची. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागते. श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला किंवा पंचमीला येते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. म्हणजे हे दिवस एकच. पर्वात तप करणाऱ्या वृद्धांना त्या गर्दीत नेऊ नये. उत्सवाचा मूळ साधेपणा पाहावयाचा असेल, तर १८९३ पासून गणपती बसणारी गिरगावची केशवजी नाईक चाळ आहे. तेथील मूर्ती आजही लहानच असते. जवळची खोताची वाडी पाहताना मात्र ती वस्ती आहे, प्रदर्शन नव्हे, याचे भान ठेवावे. विचारल्यावाचून कोणाच्या ओट्याचे वा खिडकीचे छायाचित्र घेऊ नये.

पुष्कळ कुटुंबांची मुंबई परळच्या रुग्णालयांशी जोडलेली असते. गावाकडे आजाऱ्याला पाहण्यास सारी भाऊबंदकी जाते. १९२६ पासूनचे के. ई. एम. असो वा १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय, तेथे ठरलेल्या वेळी दोघांनीच आत जावे, पाच मिनिटे बसावे, आणि बाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला जेवणाचा डबा द्यावा. त्या डब्याचे मोल दहा जणांच्या भेटीहून अधिक असते.

निरोपाच्या वेळी यजमानीण हळदीकुंकू लावते, ते आदराने स्वीकारावे. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे. मुलाच्या हातावर खाऊसाठी पैसे ठेवताना रक्कम बेताची असावी. मोठी नोट यजमानाला परतफेडीच्या चिंतेत टाकते, आणि ज्याची परतफेड करता येत नाही ती भेट कर्जासारखी डोक्यावर बसते. त्यापेक्षा गावचे पेढे व हुरड्याच्या दिवसांतले आमंत्रण न्यावे.

या साऱ्या सूचनांचे सूत्र एकच आहे. व्रत ज्याचे, त्याचा भारही त्यानेच उचलावा. नियम सोडावयाचे नाहीत, पण त्यांचा बोजा दुसऱ्याच्या चुलीवर, झोपेवर किंवा मनावर पडू द्यावयाचा नाही. श्रीमद् राजचंद्र याच मुंबईत जवाहिरांचा व्यापार करीत. भाव फिरल्याने समोरचा व्यापारी बुडेल हे दिसताच त्यांनी सौद्याचा कागद फाडला, अशी कथा सांगितली जाते. कागद त्यांच्या बाजूचा होता, तरी दुसऱ्याचा संसार मोडून मिळणारा नफा त्यांना नको होता. पाहुणचारही एक सौदाच आहे, त्यात दोन्ही घरे नफ्यात राहिली पाहिजेत.

घरी पोहोचल्यावर प्रथम यजमानाला फोन करावा, ‘सुखरूप पोहोचलो’ एवढे सांगावे. आणि पुढे कधी ते परळचे कुटुंब बार्शीच्या वाड्यात उतरले, त्यांचा मुलगा आजींना ‘ए आजी’ म्हणाला किंवा रात्री नऊ वाजता त्याला भूक लागली, तर वाड्याने कपाळाला आठी घालू नये.