अंजन, खिळे आणि शिग्रीची खाण

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. माळवा काय किंवा देश काय, आपली पुष्कळशी भूमी याच एका पाषाणाची. बांधकामास तो उत्तम, त्याची काळी माती कापसा-गव्हास त्याहून उत्तम. परंतु धातूंच्या बाबतीत तो मोठा कृपण. त्यामुळे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेला एक पदार्थ नेहमी दुरूनच येत राहिला. त्याचे नाव अँटिमनी.

नाव परके वाटले, तरी वस्तू परकी नाही. सुरमादाणीतला मूळचा सुरमा म्हणजे याच धातूचे करडे, चकचकीत, गंधकयुक्त खनिज. आणि ज्या खिळ्यांनी शतकाहून अधिक काळ मराठी अक्षर छापले, त्यांना टणकपणा देणारा धातूही हाच. नुसते शिसे मऊ. दाबाखाली वेलांट्या आणि रफार चेपून जावयाचे. त्यात अँटिमनी व थोडे कथील घातले म्हणजे खिळा कठीण होतो, आणि थिजताना रस फारसा आकसत नसल्यामुळे साच्यातील अक्षराची धार शाबूत उतरते. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ सुरू केला. त्या सुबक देवनागरीच्या कीर्तीत या धातूचाही वाटा आहे.

माझ्या लहानपणी कृष्णपुऱ्यालगत एक लहानसा छापखाना होता. तेथले खिळे जुळविणारे काका आम्हा पोरांना दारातूनच दटावीत, “बोटे तोंडात घालू नका रे, शिसे आहे ते!” खिळ्यांत शिसे असते हे आम्हांस ठाऊक झाले; त्यांत अँटिमनी असते, हे पुष्कळ पुढे कळले. मग तो येतो कोठून, याचा शोध घेण्याचा नादच लागला.

जगातील सर्वांत मोठे साठे चीनच्या हुनान प्रांतात. पण आपल्या देशातही एक लहानशी खाण होती, आणि तीही अशा नदीच्या काठी, जिचे नाव ऐकून मराठी माणसाने हात जोडावेत. हिमाचलातील लाहूल भागात चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांडी येथे मिळतात व चंद्रभागा होतात. तीच पुढे चिनाब. यांपैकी चंद्रेच्या वरच्या खोऱ्यात बडा शिग्री नावाची प्रचंड हिमनदी आहे, आणि तिच्याजवळ, सुमारे तेरा हजार फुटांवर, अँटिमनीच्या शिरा आहेत.

या शिरांची घडण समजण्यास सोपी आहे. पृथ्वीच्या पोटातील उष्ण, क्षारयुक्त पाणी खडकाच्या भेगांतून वर चढते. वर येता येता ते निवते आणि पोटातले द्रव्य भेगेच्या भिंतींवर ठेवून जाते. बहुतांशी गारगोटी, आणि तिच्या अंगात सुरम्याच्या सुयांसारखे स्फटिक. शिग्रीचा यजमान खडक ग्रॅनाइटी आहे. अशा शिरा क्वचितच सरळ चालतात. कोठे हातभर रुंद, तर कोठे दोऱ्याइतक्या बारीक. म्हणून अँटिमनीच्या खाणी बहुधा लहानच राहतात.

काढलेले दगड फोडून हाताने निवडावयाचे. पुढची कृती जुनी आणि चतुर आहे. सुरमा सुमारे ५५० अंशांना वितळतो, गारगोटी मात्र तशीच राहते. तेव्हा तळाशी भोके असलेल्या भांड्यात दगड तापविले की खनिज खाली ठिबकते. ते लोखंडाच्या किसाबरोबर वितळविले म्हणजे गंधक लोखंडाला चिकटते आणि धातू मोकळा होतो. थिजताना त्याच्या पृष्ठावर नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिग्रीस थोडेबहुत काम झाले. वर्षातले काही महिनेच बर्फ हटणार. आणि माल कुलूकडे आणावयाचा तर चौदा हजार फुटांची हामटा खिंड ओलांडावयाची. शिवाय शेजार भरवशाचा नव्हे. १८३६ साली याच हिमनदीने चंद्रेचा प्रवाह अडवून मोठा तलाव केल्याची नोंद आहे. खनिजाच्या किमतीपेक्षा वाटखर्च वरचढ झाला, की खाण टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या कारखान्यात शुद्ध होण्यासाठी कच्चा माल आला तो चित्रळहून. फाळणीनंतर तेही क्षेत्र सीमेपलीकडे गेले.

आज खिळे मोडीत गेले आहेत. पण या धातूची गरज संपलेली नाही. बॅटऱ्या, आगीला विरोध करणारे पदार्थ, दारूगोळा, सर्वत्र तो लागतो. भारत सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांत त्याचे नाव आहे, आणि चीनने २०२४ च्या सप्टेंबरपासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. रोहतांगखालचा बोगदाही २०२० साली खुला झाला. तेव्हा उद्या कोणी शिग्रीची आठवण काढली, तर नवल वाटू नये. मला मात्र एवढेच म्हणावेसे वाटते की, हिशेब केवळ टनांचा नसावा. अशा शिरांत बहुधा सोमलाची खनिजेही असतात. खाणीचा गाळ चंद्रेत उतरला, तर खालच्या किती गावांच्या घागरीत जाईल, हेही मोजले पाहिजे.

आणि घरचा हिशेबही याहून निराळा नाही. बाजारात सुरमा म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा अँटिमनीचे नसून शिशाचे तसेच करडे खनिज असते. दोन्ही दिसण्यात इतकी सारखी, की जुन्या काळापासून अंजनांच्या नावांतही गोंधळ आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, याविषयी आज शंका उरलेली नाही. नातवंडांच्या डोळ्यांत हौसेने सुरमा घालणाऱ्या आजीबाईंनी एवढे ऐकावे. सुरमादाणी कोनाड्यात शोभेला असू द्यावी. मुलांच्या डोळ्यांना तिची गरज नाही.