पपईचा चीक आणि छातीतले राखणदार

पोरांनो, ही गोष्ट सुरू होते सिसिली बेटावरच्या मेसिना गावात, 1882 साली. इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथं समुद्राकाठी बिऱ्हाड करून राहिला होता. एक दिवस घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हा एकटाच मागं राहिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. समोर तारामाशाच्या इवल्याशा, आरपार दिसणाऱ्या अळ्या. त्यांच्या अंगात काही पेशी आपल्याआपण हिंडत होत्या. त्याच्या मनात आलं, बाहेरून काही घुसलं तर या काय करतील? बागेतून काटे आणून त्यानं अळ्यांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून बघतो, तर काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला! याच त्या भक्षक पेशी. पुढं 1908 साली मेचनिकॉफला नोबेल मिळालं, पॉल अर्लिखच्या जोडीनं.

अशा पेशी तुमच्या छातीतही आहेत, आत्ता, तुम्ही ऐकताय तेव्हासुद्धा. श्वासनळीला फाटे फुटत फुटत शेवटी लागतात ते वायुकोश, दोन्ही फुफ्फुसांत मिळून 30 ते 50 कोटी. त्यांची भिंत फारच पातळ. कित्येक जागी हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक मायक्रॉनही अंतर नसतं. वरच्या नळ्यांत धूळ अडकवायला चिकट श्लेष्मा असतो, ती वर लोटायला बारीक हलते तंतू असतात. वायुकोशात यातलं काही चालणार नाही, तिथं साफसफाई करायची ती भक्षक पेशींनीच.

कॅनडातल्या कॅलगरीच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या फुफ्फुसात या पेशींचं चित्रण केलं. एक पेशी वायुकोशाच्या भिंतीवरून सरपटत निघते, भिंतीतल्या बारक्या छिद्रातून पलीकडच्या वायुकोशात शिरते, तिथं पडलेला जंतू गाठते आणि गिळून टाकते. आणि मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचंच. जंतू असा वेळेवर गिळला गेला, की रक्तातल्या दुसऱ्या पेशींना हाकच जात नाही. उंदरांमधल्या या पेशींची हालचाल रोखली, तेव्हा मात्र न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तिथं गोळा झाल्या.

हे न्यूट्रोफिल फार कामाचे. आपल्या हाडांतल्या मगजात ते रोज सुमारे 10,000 कोटी तयार होतात. पण ते बरोबर जहाल रसायनं घेऊन येतात. त्यातलंच एक इलॅस्टेज. जंतू मारता मारता ते फुफ्फुसातलं इलॅस्टिनही कुरतडतं. इलॅस्टिन म्हणजे ते धागे, ज्यांच्यामुळं फुगलेलं फुफ्फुस ताणलेल्या रबरासारखं आपोआप मागं येतं आणि श्वास बाहेर पडतो.

हे कळलं कसं, तेही ऐका. 1963 साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन रुग्णांच्या रक्तातली प्रथिनं कागदी पट्ट्यांवर वेगळी करून पाहत होते. काही थोड्या पट्ट्यांवर एक ठरावीक पट्टा उमटलाच नव्हता. चौकशी केली, तर त्यातल्या बहुतेकांना फुफ्फुसाचा गंभीर आजार! नसलेलं प्रथिन होतं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. यकृत ते बनवतं आणि इलॅस्टेजला आवर घालतं ते हेच.

त्याच दशकात अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फुफ्फुसात पपेन सोडलं. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून तुमची आजी त्याला कच्ची पपई लावते ना, ते काम याच पपेनचं. उंदरांच्या वायुकोशांच्या भिंती विरून गेल्या आणि बारीक बारीक कोशांच्या जागी मोठाल्या पोकळ्या उरल्या. सीओपीडी, म्हणजे दम लागत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, झालेल्या कित्येक माणसांच्या फुफ्फुसात अशाच पोकळ्या दिसतात.

पण त्या सगळ्यांच्या रक्तात अल्फा-1 कमी असतं का? नाही. बहुतेकांत ते पुरेसं असतं. तिथं धूर आडवा येतो. सिगारेटच्या धुराचे कण गिळून गिळून भक्षक पेशी तपकिरी पडतात आणि मदतीची हाक घालत राहतात. न्यूट्रोफिल येतच राहतात. वर तोच धूर अल्फा-1 अँटिट्रिप्सिनलाही निकामी करतो. एरवी मेलेले न्यूट्रोफिल उचलून संपवायचं काम भक्षक पेशींचंच, पण सीओपीडीत त्यांची तीही ताकद कमी पडते. मग ते तिथंच फुटतात आणि पोटातली रसायनं आजूबाजूला सांडतात. पाठोपाठ टी-पेशी नावाच्या आणखी राखणदार पेशी येऊन ठाण मांडतात. सिगारेट सुटल्यावरही ही दाहाची धग बरीच वर्षं राहते. तरी सोडणाऱ्याची फुफ्फुसं ओढत राहणाऱ्यापेक्षा सावकाश झिजतात, म्हणून सिगारेट कुठल्याही वयात सोडलेली बरी. विरलेल्या भिंती मात्र परत उभ्या राहत नाहीत.

आणि धूर काही सिगारेटचाच नसतो. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं. तंबाखू ओढणारे जगात सुमारे 100 कोटी, आणि लाकूडफाटा, गोवऱ्यांच्या धुरात राहणारे सुमारे 300 कोटी, असं त्यांनी मांडलं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती आज्यांनी लहानपणापासून फुंकणीनं चूल पेटवली, विडीला हातही न लावता! अशी बाई दम लागतो म्हणून दवाखान्यात आली, तर 'विडी ओढता का?' एवढं विचारून भागत नाही. चुलीपुढं किती वर्षं बसलात, स्वयंपाकघराला खिडकी होती का, हेही विचारायला हवं.