सालीवरचा पहारा

पहाटे साडेपाच. देवगडजवळच्या बागेत ऊन चढायच्या आत तोडणी. झेल्यातून उतरलेल्या हापूसचा मी आधी देठ बघते. तो मोडला की चीक ओघळून साल भाजते. असा आंबा चाचणीला चालत नाही.

आठ. कालपासून विरघळत ठेवलेलं कायटोसान तयार आहे. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली ही पूड नुसत्या पाण्यात विरघळतच नाही, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. लिटरला १० ग्रॅम. तरी गुठळ्या राहतात, म्हणून मलमलच्या फडक्यातून गाळते. बोटांना पेजेच्या निवळीसारखं लागतं, वास व्हिनेगरचा.

नऊ ते बारा. धुऊन सुकवलेले आंबे दोन मिनिटं बुडवायचे, मग पंख्याखाली जाळीवर. तुलनेसाठी निम्मे नुसत्या आम्लाच्या पाण्यात.

करप्याची बुरशी बागेतच फळाच्या सालीत शिरून दबा धरते. आंबा पिकू लागला, त्याची ताकद ओसरली, की काळे डाग होऊन उठते. कायटोसान तिची वाढ रोखतं, पण मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं आणि कायटोसान त्याचंच भावंड. त्याचा स्पर्श होताच साल शत्रू आल्यासारखी सावध होते, कायटिन तोडणारी विकरं बनवू लागते. झाडावरून उतरलेला आंबाही श्वास घेतो, झुंजतो.

एक. डबा. पेट्या भरणाऱ्या काकूंनी विचारलं, "ताई, कोळंबीचा लेप म्हटल्यावर शाकाहारी माणूस हा आंबा घेईल का हो?" साल आपण फेकतो हे खरं, तरी पेटीवर तसं लिहिलंच पाहिजे. पुढच्या खेपेला कोरफडीचा गरही लावून बघणार आहे.

तीन. अकरा दिवसांपूर्वीच्या पेट्या उघडल्या. लेप नसलेल्या एका फळावर देठापासून खाली डागांची रांग, पाण्याचा थेंब ओघळत गेला त्याच वाटेने. बोट लावलं तर खोलगट, मऊ. लेपवाल्यांतही दोन डागाळलेत. बाकीच्यांचा रंग जरा उशिरा चढतोय, तेवढं चालेल. मागच्या वर्षी मी लेप दुप्पट घट्ट केला होता. फळं गुदमरली, हिरवीच राहिली; कापल्यावर दारूसारखा वास. त्या पेट्या खड्ड्यात ओतताना बागायतदार काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

सहा. डागांचे व्यास मिलिमीटरमध्ये वहीत उतरवले. उरलेल्यातला एक आंबा सोलून कापला. काकूंनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले.

"हापूसच आहे हो."