फरशी बसविण्यापूर्वी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात पुष्कळ घरे काळ्या जमिनीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून तिजवर बसविलेली मजबूत शहाबादी फरशीही उचलली जाते, आणि बोल मात्र गवंड्यास लागतो. सबब आम्ही सुचवितो की, प्रथम काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो धुम्मसाने ठोकावा व वर काँक्रीटचा थर द्यावा. फरशा आधी कोरड्या मांडून पाहाव्या, म्हणजे कापलेले तुकडे कडेला घेता येतात. मोरीकडे उतार ठेवावा. बसविल्यावर एक दिवस तीवर पाय देऊ नये. मग सिमेंटने दरजा भराव्या. पैसा वाचवावयाचाच असेल तर तो फरशीच्या रंगरूपात वाचवावा. खालच्या भरावात वाचवू नये.