सिझरच्या टाक्यांजवळचा फुगवटा

सिझर होऊन वर्ष-दीड वर्ष झालं, बाळ चालायला लागलं, आणि आंघोळ करताना टाक्यांजवळ लिंबाएवढा फुगवटा हाताला लागतो. खोकलं की वर येतो, आडवं झालं की नाहीसा होतो. दुखत नसतो, म्हणून आपण ‘बाळंतपणानं पोट सुटलं’ म्हणतो आणि पदर ओढून घेतो. पण हा हर्निया असू शकतो. जुने लोक त्याला अंतर्गळ म्हणतात.

सिझर करताना कातडीखालचा पोटाचा चिवट पडदाही कापून पुन्हा शिवतात. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. आतला पडदा पक्का व्हायला मात्र महिने लागतात. गोणीची शिवण एका जागी उसवली की दाणे तिथूनच डोकावतात ना, तसं आतडं किंवा आतली चरबी तिथून पुढे येते. टाक्यांत पू झाला असेल, खोकला हटत नसेल, शौचाला कुंथावं लागत असेल, वजन किंवा साखर वाढलेली असेल, सिझर एकापेक्षा जास्त वेळा झालं असेल, तर शक्यता वाढते. आडव्या छेदापेक्षा उभ्या छेदात ती जास्त असते.

म्हणूनच पहिले ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात. भरलेला हंडा बाळापेक्षा कितीतरी जड असतो. सासूबाई ऐकत असतील, तर हे त्यांच्यासाठीही आहे! जखम ओली राहिली, लाल झाली, ताप आला, तर आशाताईंना लगेच दाखवा.

पट्टा बांधल्यानं आधार वाटतो, पण उसवलेली जागा बुजत नाही. मालिशनंही नाही. चोळून आत ढकलू तर नकाच. उपाय ऑपरेशनचा, त्यात बहुतेकदा जाळी बसवतात. प्रत्येक फुगवटा हर्नियाच असतो असंही नाही. बेंबीच्या वर-खाली मधोमध उंचवटा येत असेल, तर कधी नुसते स्नायू फाकलेले असतात. ते डॉक्टर तपासून सांगतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल, तर तो आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मात्र फुगवटा अचानक कडक झाला, खूप दुखू लागला, आडवं होऊनही आत जाईना, उलट्या होऊ लागल्या, वारा सरेना, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. काही खाऊ-पिऊ नका, १०८ ला फोन करून ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

आणि साधा, न दुखणारा फुगवटा असेल, तर या आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवून या. जाताना सिझरचे कागद बरोबर घ्या.