ताकद किलोत नाही, घडीत आहे

जालना छत्रपती संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवर. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, सळई होऊन बाहेर पडतं, आणि इथे घर बांधणारा माणूस लोखंडाचा विचार करतो तो किलोत. किती टन सळई लागली, यावर तो घराची मजबुती ठरवतो. अशा माणसाला सांगा की भिंत पाऊण-एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापासून बनवलेल्या उभ्या स्टडवर उभी राहणार आहे. तो पत्रा बोटाने दाबून बघतो आणि म्हणतो, ‘हा तर वाकतोय!’

वाकतोच. पण इथे आधी एक घोळ निस्तरायला हवा. जालना रोडवरच्या किंवा सिडकोतल्या ऑफिसांत जिप्सम बोर्डाची पार्टिशनं असतात. त्यांच्या आतला स्टड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. स्वतःचं आणि बोर्डाचं वजन पेलायचं, कुणी टेकलं तर हलायचं नाही, एवढंच त्याचं काम. स्लॅबचा भार घेणारा स्टड वेगळा. तो साधारण पाऊण ते दोन मिलिमीटर जाड, जास्त ताकदीच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा असतो. पहिला बघून दुसऱ्याबद्दल मत बनवलं जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी कधी पहिला वापरून दुसऱ्याचं काम करून घेतलं जातं.

आता दाबल्यावर वाकणाऱ्या पत्र्याचं. कोऱ्या कागदाला एक घडी घातली की तो टेबलावर उभा राहतो. स्टडचं शास्त्र तिथून सुरू होतं. कॉइलमधला सपाट पत्रा रोल-फॉर्मिंग मशीनमधून न तापवता घड्या घेत पुढे सरकतो आणि इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा होऊन बाहेर येतो. मधला रुंद भाग म्हणजे वेब, दोन बाजू म्हणजे फ्लँज, आणि फ्लँजच्या टोकाला आत वळलेली दहा-बारा मिलिमीटरची कडा म्हणजे लिप. ही कडा पुरेशी ताठ असेल, तर लिप नसलेल्या फ्लँजच्या मानाने तो चेपायला लागणारा ताण गणिताने आठ-नऊ पटींपर्यंत जातो. हे सगळं बोटभरही रुंद नसलेल्या पट्टीमुळे.

‘मग जाडी वाढवा, प्रश्न मिटला,’ हा इंजिनिअर मंडळींमध्येही आढळणारा गैरसमज. जाडी वाढवल्याने फायदा होतो, पण पातळ पत्र्याची खरी अडचण अशी की स्टील थकण्याआधीच त्याला लाटा येतात. मौज अशी की लाटा आल्या तरी तो लगेच हार मानत नाही. मधला भाग ढिला पडतो आणि भार कोपऱ्यांकडे सरकतो. थिओडोर फॉन कारमान आणि सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये ही ‘प्रभावी रुंदी’ची कल्पना मांडली. कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी चाचण्या घेऊन ती वापरण्याजोगी केली आणि १९४६ मध्ये अमेरिकेत त्यावर पहिली संहिता निघाली. विंटर यांच्या सूत्राने हिशेब करून पाहा: ३५० मेगापास्कलचं स्टील, ९० मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड वेब, त्यावर पूर्ण ताण. त्या रुंदीतला चाळीस टक्क्यांहून कमी भाग कामाचा धरता येतो. म्हणजे डिझायनर वेबचं जे वजन विकत घेतो त्यातलं निम्म्याहून अधिक तो हिशेबातून स्वतःच वगळतो. किलोवर भाव करणाऱ्याला हे कसं पटावं?

आपली संहिता, आयएस ८०१, ही १९७५ ची, जुन्या कार्यकारी ताणाच्या पद्धतीवर बेतलेली. त्यामुळे बरेच डिझायनर अमेरिकी किंवा युरोपीय संहिताही सोबत ठेवतात. त्यात गैर काही नाही. गैर हे की कोणती संहिता वापरली ते ड्रॉइंगवर लिहायचंच नाही.

एकटा स्टड म्हणजे भिंत नव्हे, हेही लोक विसरतात. सी आकाराचा स्टड भिंतीच्या लांबीच्या दिशेने फार लवचिक असतो. त्याला धरून ठेवतात दोन्ही बाजूंचे बोर्ड, त्यांचे स्क्रू आणि मध्ये घातलेले आडवे तुकडे. मोकळी उंची निम्मी केली की त्या दिशेने बाजूला वाकायला (बकलिंगला) लागणारा भार चौपट होतो. म्हणूनच बोर्ड लागायच्या आत वरच्या मजल्याचं सामान चढवणं धोक्याचं. आणि वायरिंगसाठी वेबमध्ये कारखान्यातूनच भोकं येतात. ती सोडून एखाद्याने घाईत फ्लँज कापला, तर सगळ्या डिझाइनवर पाणी पडतं.

‘हलकं म्हणजे कच्चं’ या समजाला मराठवाड्याने तरी थारा देऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. प्लास्टरसह नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. बोर्डांसह स्टडची भिंत पन्नासेक किलोत बसते.

पण हलकेपणाची किंमतही मोजावी लागते, आणि विकणारे ती सांगत नाहीत. वाऱ्याच्या संहितेत आपल्या शहरासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. जड घर स्वतःच्या वजनाने बसून राहतं. हलक्याचं छत वारा उचलू पाहतो, म्हणून छतापासून पायापर्यंत अँकरची साखळी अखंड लागते. काळ्या मातीचंही तेच. पावसाळ्यात ती फुगते आणि हलक्या घराला सहज वर ढकलते. ‘घर हलकं, मग पाया उथळ चालेल’ हे वाक्य आपल्याकडे महागात पडतं. काळी माती काढून कठीण मुरमापर्यंत जायलाच हवं.

आणि पाण्याची टाकी! जायकवाडी धरण भरलेलं असो वा नसो, नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून इथे गच्चीवर टाकी ठरलेली. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही एकाच जागी. स्टडच्या घरात वरच्या स्टडखाली खालचा स्टड सरळ रेषेत हवा आणि टाकीखाली खास जुडगा. टाकी मागाहून ‘कुठेतरी बसवू’ म्हणणं इथे चालत नाही.

गंजाची भीती कोकणात रास्त, इथल्या कोरड्या हवेत कमी. पत्र्यावर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असेल तर कापलेल्या कडेलाही ते राखतं. मात्र ग्राइंडरने कापलं की जस्त जळतं, कातरीने कापावं. ओल धरणारी न्हाणीघराची भिंत आणि स्टड ज्यात बसतात तो तळाचा ट्रॅक यांच्यावर लक्ष ठेवावं.

आगीबाबत दोन्ही टोकांचे समज आहेत. स्टील जळत नाही, पण ५०० अंशांच्या पुढे त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. खरा पहारेकरी जिप्सम बोर्ड: त्याच्या वजनात सुमारे २१ टक्के बांधलेलं पाणी असतं आणि ते वाफ होईपर्यंत आच मागे थोपते. म्हणून ‘दोन तासांचा स्टड’ असं काही नसतं; रेटिंग बोर्ड, स्क्रू, सांधे धरून अख्ख्या भिंतीचं असतं.

उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात स्टड उष्णता आत ओढतो आणि पातळ भिंत जुन्या दगडी वाड्यासारखी दिवसभर थंड राहत नाही. पोकळीत रॉकवूल भरून भागत नाही. बाहेरून सलग इन्सुलेशनचा थर लागतो. तो गाळून स्वस्तात दिलेलं घर मी तरी घेणार नाही.

तुम्हाला असं घर किंवा वरचा मजला बांधायचा असेल तर कोटेशनमधल्या एकूण वजनावर जाऊ नका. स्टडची जाडी, स्टीलची ग्रेड, दोन स्टडमधलं अंतर आणि जस्ताचा थर, हे चार आकडे सही असलेल्या ड्रॉइंगवर मागा. ते मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.